मद्यासक्तीचा औषधोपचार

यकृताच्या विकाराने खंगलेला मद्यासक्त रुग्ण रुग्णालयातून घरी निघतो, तेव्हा त्याच्या हाती एक कागद दिला जातो. पोटात साठलेले पाणी उतरविणारी गोळी, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, मीठ कमी खाण्याची सूचना आणि सर्वांत शेवटी एक ओळ : दारू पूर्णपणे बंद करावी. रोगाच्या परिणामांवर त्या कागदात तीन-चार औषधे असतात; परिणामांच्या मुळाशी जे आहे, त्यावर मात्र केवळ उपदेश असतो. मधुमेही माणसाला 'रक्तातील साखर वाढू देऊ नये' एवढेच लिहून देऊन कोणी घरी पाठवीत नाही. तसे कोणी केलेच, तर त्या वैद्याच्या योग्यतेविषयी शंका घेतली जाईल. मद्यासक्ताच्या बाबतीत ही गोष्ट रोज घडते आणि कोणालाही खटकत नाही.

मद्यासक्ती हा रोग आहे, हे वैद्यकाने तत्त्वतः केव्हाच मान्य केले आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले नौदलातील वैद्य टॉमस ट्रॉटर यांनी १८०४ मध्येच तसे लिहिले होते. अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने १९५६ मध्ये त्यावर अधिकृत शिक्का उमटविला. तथापि तत्त्व मान्य होणे आणि त्यानुसार व्यवहार बदलणे यांत मोठे अंतर असते. रोग म्हटला की त्याला औषध असते का, असा प्रश्न ओघानेच येतो. या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. एक औषध १९४८ पासून ज्ञात आहे, दुसऱ्याला मद्यासक्तीवरील उपचार म्हणून अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही भारतात तयार होतात. ती ज्यांना मिळावयास हवीत त्यांच्यापैकी फारच थोड्यांपर्यंत ती पोहोचतात, ही या प्रकरणातील मुख्य हकीकत आहे.

कोपनहेगनमधील शोध

पहिल्या औषधाचा शोध योगायोगानेच लागला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कोपनहेगन येथील एका औषधनिर्मिती संस्थेत येन्स हाल्ड आणि एरिक याकबसेन हे दोन संशोधक डायसल्फिराम नावाच्या द्रव्याचा अभ्यास करीत होते. आतड्यांतील जंतांवर ते उपयोगी पडेल अशी त्यांची अपेक्षा होती. नवे द्रव्य आधी स्वतःवर अजमावून पाहावे असा त्या दोघांचा शिरस्ता असल्यामुळे त्यांनी त्याच्या गोळ्या घेतल्या. पुढे जेवणाबरोबर थोडेसे मद्य घेताच त्यांचे चेहरे लालबुंद झाले, डोके ठणकू लागले, छाती धडधडू लागली. दोघांनी आपापले अनुभव पडताळून पाहिले, तेव्हा दोष अन्नाचा नसून गोळीचा आहे हे त्यांच्या ध्यानात आले. रबर टिकाऊ बनविण्याच्या प्रक्रियेत हेच द्रव्य वापरीत असत आणि ते हाताळणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, अशी नोंद अमेरिकेतील एका कारखान्याच्या वैद्याने १९३७ मध्येच करून ठेवली होती. त्या नोंदीचा उपयोग मात्र कोणी केला नव्हता.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. पोटात गेलेल्या मद्यार्काचे यकृत दोन टप्प्यांत विघटन करते. पहिल्या टप्प्यात त्याचे ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनते. दुसऱ्या टप्प्यात त्या विषाचे निरुपद्रवी आम्लात रूपांतर होते. डायसल्फिराम हा दुसरा टप्पाच रोखून धरते. परिणामी विष रक्तात साचते आणि थोड्याशा मद्यानेही माणूस बेजार होतो. १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 'अँटाब्यूज' या नावाने औषध जगभर पसरले. सुरुवातीच्या काळात मात्रा फार मोठ्या दिल्या गेल्या. गोळीचा प्रभाव रुग्णाच्या मनावर ठसावा म्हणून त्याला रुग्णालयातच मुद्दाम मद्य पाजण्याचीही पद्धत होती. त्यात काही रुग्ण दगावले. पुढे मात्रा कमी झाली, ती पद्धतही मागे पडली. औषधाविषयीची धास्ती तेवढी मागे उरली.

डायसल्फिराम दारूची ओढ कमी करीत नाही, ते केवळ एक कुंपण घालते. कुंपण ओलांडावयाचे ठरविले तर गोळी घेणे थांबविले की पुरे. म्हणून गोळी कोणाच्या देखत घेतली जाते की नाही, यावर या उपचाराचे सारे यश अवलंबून असते. या संदर्भात मुंबईत झालेला एक अभ्यास उद्बोधक आहे. अविनाश आणि ॲलन डिसूझा यांनी २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. शंभर मद्यासक्त पुरुषांपैकी निम्म्यांना डायसल्फिराम आणि निम्म्यांना नाल्ट्रेक्झोन हे दुसरे औषध वर्षभर देण्यात आले. औषध वेळेवर घेतले जाते की नाही, हे पाहण्यासाठी प्रत्येकाच्या घरी कुटुंबातील एक व्यक्ती होती. वर्षअखेरीस डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के आणि नाल्ट्रेक्झोन घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के मद्यापासून दूर राहिले होते. कोणाला कोणते औषध मिळत आहे हे या अभ्यासात रुग्णांना व वैद्यांना ठाऊक होते; शिवाय लक्ष ठेवणारे माणूस घरात असलेलेच रुग्ण निवडले होते. तेव्हा हे आकडे जसेच्या तसे सर्वांना लागू करता येणार नाहीत. परंतु सकाळच्या चहाबरोबर पत्नी किंवा वडील गोळी देतात आणि ती समोर गिळली जाते, एवढ्या साध्या व्यवस्थेने काय साधू शकते, याची कल्पना त्यावरून येते. भारतीय कुटुंबात ही व्यवस्था आयतीच उपलब्ध असते.

याच व्यवस्थेचा एक विपर्यासही भारतात सर्वत्र आढळतो. हताश झालेली पत्नी किंवा आई औषधाच्या दुकानातून गोळ्या आणते आणि त्या कुटून आमटीत, भाजीत कालविते. रुग्णाला काहीच माहीत नसते. तो नेहमीप्रमाणे पितो आणि मग रक्तदाब एकाएकी खाली जाऊन कोसळतो. हृदयविकार असलेला माणूस यात प्राणास मुकू शकतो. शेवटची गोळी घेतल्यानंतर सुमारे दोन आठवडे हा धोका टिकून राहतो. रुग्णाच्या संमतीवाचून हे औषध देणे हा उपचार नव्हे, ती विषबाधा होय. त्या स्त्रीला दोष देण्यापूर्वी एवढे मात्र ध्यानात घेतले पाहिजे, की दवाखान्यात नीट मार्ग दाखविणारे कोणी भेटले असते, तर ती चोरट्या मार्गाकडे वळली नसती.

मेंदूतील अफू

दुसऱ्या औषधाचे तत्त्व अगदी वेगळे आहे. नाल्ट्रेक्झोन हे १९६० च्या दशकात अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत तयार झाले. त्याचा हेतू अफू, मॉर्फीन, हेरॉइन यांचा परिणाम रोखण्याचा होता आणि त्यासाठीच १९८४ मध्ये त्याला तेथे मान्यता मिळाली. मेंदूतील चेतापेशींवर काही विशिष्ट ग्राही असतात. अफूचे रेणू त्यांत कुलपात किल्ली बसावी तसे बसतात. नाल्ट्रेक्झोनही त्याच कुलपात बसते, परंतु कुलूप उघडत नाही. किल्ली घालण्याची जागा तेवढी अडवून ठेवते.

दारूचा अफूशी संबंध काय, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. १९७० च्या दशकात असा शोध लागला, की अफूसारखी द्रव्ये मेंदू स्वतःच तयार करीत असतो. त्यांतील काहींना एंडॉर्फिन असे नाव मिळाले. मद्य घेतल्यावर ही द्रव्ये स्रवतात आणि पिण्यातील सुखाचा एक भाग त्यांच्यामुळे लाभतो. प्रत्येक पेल्यामागे हे बक्षीस मिळत गेले, की मेंदूत पिण्याची वाट रुळत जाते. पुढे पुढे दारूच्या दुकानाची पाटी, संध्याकाळची ठराविक वेळ, पगाराचा दिवस, एखादा मित्र यांपैकी काहीही त्या वाटेवर ढकलण्यास पुरेसे होते. मद्यासक्त माणसाला मनोनिग्रह नसतो असे म्हटले जाते. वस्तुतः त्याचा निग्रह ज्या यंत्रणेशी झुंजत असतो ती तहान-भुकेच्या यंत्रणेइतकीच प्रबळ झालेली असते.

या विषयावर दीर्घकाळ काम करणारे संशोधक म्हणजे जॉन डेव्हिड सिंक्लेअर. हे मूळचे अमेरिकन, परंतु त्यांचे आयुष्य फिनलंडमध्ये गेले. हेलसिंकीतील ज्या प्रयोगशाळेत ते काम करीत ती अल्को या सरकारी कंपनीची होती आणि देशातील मद्यविक्रीचा मक्ता याच कंपनीकडे होता. दारू विकून आलेल्या पैशांतून दारूचे व्यसन मोडण्याचे संशोधन व्हावे, हा योग तसा दुर्मिळच. तत्पूर्वी १९६० च्या दशकात अमेरिकेत असतानाच सिंक्लेअर यांना उंदरांच्या बाबतीत एक गोष्ट आढळली होती. पिण्याची सवय लागलेल्या उंदरांचे मद्य काही आठवडे काढून घेतले आणि नंतर पुन्हा दिले, तर ते पूर्वीपेक्षा कमी पीत नाहीत, जास्त पितात. सक्तीच्या विरहाने ओढ विझत नाही, ती साचत जाते. व्यसनमुक्तीच्या निवासी केंद्रातून महिन्या-दोन महिन्यांनी सुखरूप घरी आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात बेसुमार का पितो, हे कोडे ज्यांनी आपल्या घरात पाहिले आहे, त्यांना या उंदरांचे वागणे अनोळखी वाटणार नाही.

सिंक्लेअर यांनी यावरून काढलेले अनुमान प्रचलित समजुतीच्या नेमके उलट होते. ओढ मोडावयाची तर मद्य नव्हे, मद्यापासून मिळणारे बक्षीस काढून घेतले पाहिजे. घंटेनंतर अन्न मिळेनासे झाले की पावलॉव्हच्या कुत्र्याच्या तोंडाला घंटा ऐकून पाणी सुटणे हळूहळू थांबते, त्याचप्रमाणे नाल्ट्रेक्झोन घेऊन प्यायलेला पेला रिकामाच ठरतो आणि असे पुष्कळदा घडले की पिण्याची प्रेरणाच क्षीण होते. म्हणून पिण्यापूर्वी सुमारे तासभर गोळी घ्यावी, न पिण्याच्या दिवशी घेऊ नये, अशी पद्धत त्यांनी सुचविली. सिंक्लेअर २०१५ मध्ये वारले. त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी सांगितलेले यशाचे प्रमाण नियंत्रित चाचण्यांतून दिसलेल्या प्रमाणापेक्षा बरेच मोठे आहे, हे नमूद करणे आवश्यक आहे. या विषयात भाबड्या आशेने निराशेइतकेच नुकसान केले आहे. परंतु मूळ कल्पनेला पुष्टी देणारा पुरावा दुसरीकडूनही मिळाला.

फिलाडेल्फियातील जोसेफ व्होल्पिचेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तर माजी सैनिकांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना रोज ५० मिलिग्रॅम नाल्ट्रेक्झोन आणि काहींना तशीच दिसणारी औषधहीन गोळी बारा आठवडे देण्यात आली. कोणाला काय मिळते हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि वैद्यालाही. औषधहीन गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ५४ टक्के पुन्हा व्यसनात ओढले गेले. नाल्ट्रेक्झोन घेणाऱ्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. या चाचणीतील सर्वांत बोलका आकडा मात्र निराळाच आहे. मध्यंतरी मोह न आवरल्यामुळे ज्यांनी थोडी तरी दारू चाखली, अशांची स्वतंत्र मोजणी केली गेली. औषधहीन गोळीच्या गटात अशी माणसे वीस होती आणि त्यांतील एकोणीस पूर्णपणे घसरली. नाल्ट्रेक्झोनच्या गटात ती सोळा होती. त्यांतील आठ घसरली आणि आठ सावरली. 'एक घोट घेतला की सारे संपले' हा मद्यासक्ताचा जुना अनुभव आहे. तो अनुभव गोळीमुळे निम्म्यांच्या बाबतीत खोटा ठरला. त्याच वर्षी येल विद्यापीठातील स्टेफनी ओमॅली यांच्या चाचणीतूनही औषधाच्या बाजूने निष्कर्ष निघाले आणि १९९४ च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध-नियंत्रण संस्थेने मद्यासक्तीवर नाल्ट्रेक्झोन वापरण्यास मान्यता दिली.

यश किती, मर्यादा कोणत्या

पुढील काळात सर्वच चाचण्या अनुकूल ठरल्या नाहीत. ६२७ माजी सैनिकांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत नाल्ट्रेक्झोन आणि औषधहीन गोळी यांत काहीच फरक आढळला नाही. ही माणसे अनेक वर्षे तीव्र व्यसनात असलेली होती. औषधाच्या विरोधकांनी हा निष्कर्ष वारंवार पुढे केला आहे. परंतु एका चाचणीवरून निवाडा करावयाचा नसतो. २०२३ मध्ये शंभराहून अधिक चाचण्यांतील सुमारे एकवीस हजार रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. ती असे सांगते, की अकरा रुग्णांना नाल्ट्रेक्झोन दिल्यास, एरवी पुन्हा अतिरेकी पिण्याकडे वळला असता असा एक अधिक रुग्ण सावरतो. अकॅम्प्रोसेट हे तिसरे औषध १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून फ्रान्समध्ये वापरात आहे. तेही अकरा जणांस दिले असता, एरवी पुन्हा प्यायला लागला असता असा एक अधिक रुग्ण दारूपासून दूर राहतो.

अकरांत एक हे प्रमाण सामान्य वाचकाला तुटपुंजे वाटेल. रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या ज्या गोळ्या लक्षावधी लोक बिनतक्रार गिळतात, त्यांनी हृदयविकाराचा एक झटका टळावा म्हणून याहून कितीतरी अधिक माणसांना त्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात, हे त्याला सहसा सांगितले जात नाही. शिवाय वाचलेल्या त्या एका माणसाबरोबर एक संसारही वाचतो आणि तो कोणत्याही कोष्टकात मोजलेला नसतो.

औषधांचे धोके लपविण्यात अर्थ नाही. नाल्ट्रेक्झोनने प्रारंभी मळमळ, डोकेदुखी, चक्कर असा त्रास होतो. जो अफू किंवा तत्सम पदार्थ घेत असेल, त्याला ते मुळीच देता येत नाही. दिल्यास अत्यंत यातना होतात. पंजाब किंवा राजस्थान यांसारख्या अफू-पोस्ताची सवय जुनी असलेल्या प्रदेशांत हा प्रश्न आधी विचारलाच पाहिजे. मोठ्या मात्रेत ते यकृतास अपाय करते अशी भीती पूर्वी होती आणि वेष्टनावर तसा ठळक इशाराही असे. नेहमीच्या मात्रेत तसे घडत नाही असे दिसून आल्यावर २०१३ मध्ये अमेरिकेत तो इशारा काढून टाकण्यात आला. तीव्र कावीळ किंवा यकृत निकामी होण्याची अवस्था असेल, तर मात्र ते टाळलेच पाहिजे.

मग आरंभी उल्लेखिलेल्या, यकृत पिचलेल्या रुग्णाने काय करावे? त्याला डायसल्फिराम देणे धोक्याचे, नाल्ट्रेक्झोन संशयास्पद. स्नायूंचा ताठरपणा कमी करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बॅक्लोफेन या जुन्या औषधाने येथे काही आशा दाखविली आहे. रोममधील जोव्हान्नी ॲडोलोराटो यांनी यकृताचा सिरोसिस झालेल्या ८४ मद्यासक्तांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बॅक्लोफेन घेणारे ७१ टक्के रुग्ण मद्यापासून दूर राहिले. औषधहीन गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. बॅक्लोफेनला प्रसिद्धी मात्र ऑलिव्हिए आमेसां या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञामुळे लाभली. ते स्वतः मद्यासक्त होते आणि स्वतःवरच मोठ्या मात्रेचा प्रयोग करून त्याचा वृत्तांत त्यांनी २००४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर फ्रान्समध्ये रुग्णांनीच या औषधाची मागणी लावून धरली. २०१८ मध्ये फ्रेंच शासनाने त्यास मर्यादित मात्रेत मान्यता दिली. इतर चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र असल्याने ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावे लागते.

आणखी एक इशारा येथेच द्यावयास हवा. रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडल्यास हातापायांना कंप सुटतो, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि पुढे भास, भ्रम, ज्वर असा जीवघेणा प्रकार उद्भवतो. या दिवसांत वैद्याची देखरेख, शामक औषधे आणि थायामीन हे जीवनसत्त्व आवश्यक असते. हा पहिल्या आठवड्याचा उपचार भारतात बऱ्याच ठिकाणी होतो. अडचण त्यानंतर येते. आठवडाभरात शरीर शुद्ध झाले, की रुग्ण बरा झाला असे समजून त्याला निरोप दिला जातो. खरी लढाई मात्र त्या दिवसापासून सुरू होणार असते.

औषध लिहिले का जात नाही

औषधे वापरात न येण्याची अडचण केवळ गरीब देशांची आहे असे नाही. अमेरिकेत २०१९ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यपानाचा विकार असलेल्या प्रौढांपैकी अवघ्या १.६ टक्क्यांना त्यावरील औषध मिळाले होते. भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, सुमारे ५.७ कोटी लोकांना त्याचा उपद्रव होतो आणि त्यांपैकी सुमारे २.९ कोटी लोक पूर्णतः मद्याधीन आहेत. मद्याधीन असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या प्रकारचे साहाय्य मिळाले होते. हे साहाय्य औषधाचेच असेल असेही नाही.

याचे एक कारण व्यापारी आहे. ही औषधे जुनी झाली, त्यांचे एकस्व संपले, कोणीही ती बनवू शकतो. ज्या गोळीत मोठा नफा नाही, तिची माहिती घेऊन वैद्याच्या दारात कोणी प्रतिनिधी उभा राहत नाही. दुसरे कारण श्रमविभागणीचे. यकृताचा तज्ज्ञ मद्यासक्ती हे मनोविकारतज्ज्ञाचे काम समजतो. मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी आठवड्यातून एखाद्या दिवशी येतो. रुग्ण त्याच्याकडे जाण्यास लाजतो.

परंतु सर्वांत खोल कारण नीतीविषयक समजुतीत आहे. दारू हा दोष आहे आणि दोष पश्चात्तापाने धुवावयाचा असतो, गोळीने नव्हे, अशी भावना वैद्यांच्याही मनात वावरत असते. व्यसन सोडण्याचे श्रेय गोळीला गेले तर रुग्णाच्या निग्रहाला काय किंमत उरली, असे त्यांना वाटते. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने राज्यांपुढे दारूबंदीचे ध्येय ठेवलेल्या देशात हा विषय नेहमी 'बंदी असावी की नसावी' याच वादात अडकतो. गुजरातेत बंदी आहे, बिहारमध्ये २०१६ पासून आहे, इतर बहुतेक राज्यांच्या तिजोऱ्या मद्यावरील करांनी भरतात. दोन्ही पक्षांच्या गदारोळात जो माणूस आजच मद्याधीन आहे, त्याचे काय करावयाचे हा प्रश्न बाजूला राहतो.

स्वयंसाहाय्य मंडळे आणि निवासी केंद्रे यांनी भारतात केलेले कार्य मोलाचे आहे. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी पतीच्या अकाली निधनानंतर १९८० मध्ये सुरू केलेली संस्था किंवा पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेले 'मुक्तांगण' यांनी असंख्य कुटुंबे सावरली. या कार्याला औषधांचा विरोध नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मंडळानेही वैद्याने दिलेले औषध सभासदाने वैद्याला विचारल्याशिवाय बंद करू नये अशीच भूमिका घेतली आहे, जरी प्रत्यक्ष बैठकांतून गोळी घेणाऱ्याला कधीकधी टोमणे ऐकावे लागतात. प्रश्न संख्येचा आहे. कोट्यवधी रुग्णांना महिनाभर ठेवून घेईल एवढी निवासी केंद्रे कधीच उभी राहणार नाहीत.

साध्या दवाखान्यात हा उपचार होऊ शकतो काय, याचे उत्तर अमेरिकेतील १३८३ रुग्णांच्या एका चाचणीने २००६ मध्ये दिले. तीत काही रुग्णांना नाल्ट्रेक्झोन आणि सोबत परिचारिकेशी किंवा वैद्याशी सोळा आठवड्यांत नऊ भेटी एवढाच उपचार मिळाला. पहिली भेट पाऊण तासाची, पुढील भेटी सुमारे वीस मिनिटांच्या. औषध घेता की नाही, किती प्यायलात, काय त्रास होतो, अशी चौकशी. या रुग्णांची प्रगती तज्ज्ञांचे विस्तृत समुपदेशन मिळालेल्या रुग्णांच्या तोडीची ठरली. भारतातील अनुभवही उत्साहवर्धक आहे. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मद्याधीनतेच्या अलीकडच्या अवस्थेत असलेल्या ३७७ पुरुषांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, परंतु प्रशिक्षित अशा स्थानिक समुपदेशकांनी घेतलेल्या काही बैठकांनंतर ३६ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेखाली आले. बैठका न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. या अभ्यासात औषधे नव्हती. पण विचारणारे माणूस आरोग्य केंद्रात बसविता येते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. गोळीची जोड देणे ही पुढची पायरी आहे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नाल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट यांचा अत्यावश्यक औषधांच्या आपल्या यादीत समावेश केल्यामुळे ही औषधे खरेदी करण्यास सरकारांना एक भक्कम आधारही मिळाला आहे.

मद्रासचा दाखला

एका कलंकित मानल्या गेलेल्या रोगाचा उपचार निवासी संस्थेतून घरात आणण्याचा प्रयोग भारताने पूर्वी केलेला आहे. १९५० च्या दशकात क्षयरोगी म्हटला की त्याला आरोग्यधामात ठेवावे, विश्रांती, चांगला आहार आणि स्वच्छ हवा द्यावी, हाच योग्य उपचार मानला जाई. देशात रुग्ण लक्षावधी होते आणि खाटा अगदी थोड्या. १९५६ मध्ये मद्रास येथे भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र स्थापले. शहरातील गरीब वस्त्यांतील १९३ रुग्णांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला आरोग्यधामात ठेवले. दुसरा गट आपल्या कोंदट घरात, अपुऱ्या अन्नावर राहिला. दोन्ही गटांना एकाच प्रकारच्या गोळ्या वर्षभर मिळाल्या. १९५९ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. घरी राहिलेल्यांचे बरे होण्याचे प्रमाण आरोग्यधामातील रुग्णांच्या जवळपास तेवढेच होते आणि त्यांच्या घरच्या माणसांना रोगाची लागणही अधिक झाली नाही. जे काम हवेने आणि विश्रांतीने होते असे वैद्यक समजत होते, ते गोळी करीत होती.

त्यानंतर जगभर आरोग्यधामे ओस पडू लागली. गोळी नियमित घेतली जात नाही, हा आक्षेप तेव्हाही होता. त्यावर गोळी कोणाच्या तरी समोर गिळावयाची, हा तोडगा निघाला आणि १९९७ पासून भारताच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने तो स्वीकारला. आरोग्य सेविका, शिक्षक, किराणा दुकानदार यांच्या समोर लक्षावधी लोकांनी महिनोन्‌महिने गोळ्या गिळल्या. त्या कार्यक्रमात काम केलेल्या कोणत्याही सेविकेला विचारले, तर उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्या रुग्णांत पिणारे किती असत, हे ती चटकन सांगेल. तिच्याकडे क्षयाच्या गोळ्यांचा डबा होता, पत्रक होते, रुग्णाचे घर तिला माहीत होते. त्याच रुग्णाच्या दारूवरची गोळी तेवढी त्या डब्यात नव्हती.